चतुर्थीचा प्रत्यय आणि ठोंब्याची लस

प्रभंजन नरगुंदकर सरांनी एखादी गोष्ट एकदा अभ्यास करून ठरवली, की ती चुकायची नाही! निदान असं ते स्वतः म्हणायचे, आणि धारवाडच्या मळमड्डीत त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरी मराठी बोलणाऱ्या ह्या माणसानं एकतीस वर्षं हायस्कुलात कन्नड व्याकरण शिकवलं होतं. "आई कन्नड, बाप कन्नड, आजी कन्नड, अशा पोरांना मी कन्नड शिकवलंय!" हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस त्या भागात शोधून सापडला नसता. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी सरांची सवय गेली नव्हती. परवा सुभाष रोडला एक रिक्षावाला म्हणाला, "ऊटक्क होंटेन्री सर!" म्हणजे जेवायला निघालोय. झालं! सरांनी त्याला धरलंच. "'ऊटक्क' नव्हे रे, 'ऊटक्के'! शेवटी एकार! चतुर्थीचा प्रत्यय 'क्के' आहे, 'क्क' नव्हे!" रिक्षावाल्यानं मान डोलावली आणि तो जेवायला निघून गेला. सर दोन पिशव्या घेऊन चालत घरी आले.

तर ह्या सरांच्या पुढ्यात एक प्रश्न येऊन पडला. कुत्र्याला लस किती वर्षांनी टोचायची?

कुत्र्याचं नाव ठोंब्या. रंग गुळाच्या ढेपेचा, आकारही साधारण तोच. सहा वर्षांपूर्वी पिल्लू असताना ते सरांच्या स्कूटरखाली येऊन झोपलं, आणि "आजची रात्र राहू दे, उद्या बघू" असं म्हणून सरांनी त्याला घरात घेतलं. ते उद्या काही उजाडलं नाही. सर तोंडानं त्याला 'ध्यान', 'आळशी', 'ऐतखाऊ' असं काहीबाही म्हणत, पण चहातलं शेवटचं बिस्कीट त्यालाच जाई.

ठोंब्याचं लशीचं कार्ड होतं, नाही असं नाही. पण ते 'पुढची तारीख' ह्या दोन शब्दांपर्यंतच होतं! पुढचं ठोंब्यानं खाल्लं होतं. आणि ज्यांनी लस टोचली ते म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून लेकीकडं राहायला गेले होते.

सरांनी आधी शेजारीपाजारी चौकशी केली. समोरचे श्रीवत्स वकील म्हणाले, "तीन वर्षांनी एकदा! माझी सून अमेरिकेत असते, तिच्या कुत्र्याला तीन वर्षांवाली लस आहे." मागच्या अंबूताई म्हणाल्या, "आमच्या मोत्याला जन्मात एकदा टोचलं, चौदा वर्षं जगला की!" दूधवाला म्हणाला, "दर तीन महिन्यांनी." तो जंताच्या गोळीबद्दल बोलत होता, हे सरांना दोन दिवसांनी कळलं.

"लोकांचं ऐकायचंच नाही!" सरांनी बायकोला, म्हणजे कुसुमावतींना, सांगितलं. "मी लेखी विचारतो. डॉक्टरांना. मुद्देसूद!"

"फोन करा की सरळ," कुसुमावती म्हणाल्या.

"फोनवर मुद्दा राहत नाही, कुसुम."

सरांनी फुलस्केप काढला, समास आखला आणि वर ठळक लिहिलं : 'विषय : श्वानाच्या लसीकरणाची वारंवारता.' प्रश्न पहिला : लस किती कालावधीने द्यावी? दुसरा, तिसरा, चौथा असं करत करत एकूण अकरा प्रश्न झाले. नववा प्रश्न सोडला तर बाकीचे अभ्यासाचे होते. नववा मात्र सरांनी घाम पुसत लिहिला होता, आणि त्याचं कारण होती अक्का.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण वर्षा. वय एकाहत्तर. त्या काळात मुलींची नावं गोदा आणि कृष्णा असायची, पण त्यांच्या वडिलांना नव्या वळणाचं नाव हवं होतं. घरात सगळे तिला वर्षाक्का म्हणत, आणि कन्नड शेजारी 'वर्षक्क'. आई लवकर गेल्यामुळं सरांना सांभाळलं अक्कानं. त्यांना आंघोळ घालून, भांग पाडून, कानाला धरून शाळेत सोडलं अक्कानं. त्यामुळं चौसष्टाव्या वर्षीही तिच्यापुढं सरांचा आवाज चौथीतल्या पोराएवढाच निघायचा.

अक्का कलघटगीला घरच्या शेताजवळ एकटी राहायची. मुलगा रोहित हुबळीत नोकरीला. ती धारवाडला तीन वर्षांतून एकदा यायची, पण आली की पंधरा दिवस राज्य तिचं! पहिल्या दिवशी ती कुसुमावतींच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून 'नीट' लावायची. मग पंधरा दिवस कुसुमावती साखरेच्या जागी मोहरी आणि मोहरीच्या जागी तूरडाळ काढत बसायच्या.

ह्या खेपेला अक्का आली, सोफ्यावर पसरलेल्या ठोंब्याकडं तिनं पाच मिनिटं बघितलं, आणि हुकूम सोडला.

"प्रभ्या! पंधरा दिवसांनी रविवारी रोहित जीप घेऊन येईल मला न्यायला. तिच्यातनं हे तुझं ध्यान कलघटगीला. तिथं राहील शेतावर."

'नाही' हा शब्द सरांच्या ओठापर्यंत आला आणि तिथनं परत गेला. अक्काला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. आणि ठोंब्याशिवाय घर? सकाळी पेपर वाचताना पायावर डोकं ठेवून घोरणार कोण? सर रोज मनात म्हणत होते, आज अक्काशी बोलायचं. रोज रात्र व्हायची, आणि बोलणं राहायचं.

त्यात बुधवारी सकाळी अक्का बोटाला पट्टी बांधून बाहेर आली.

"अक्का, बोटाला काय झालं गं?"

"विचार तुझ्या ठोंब्याला!" अक्का फणकारली आणि आत गेली.

सरांच्या तोंडचं पाणीच पळालं! ठोंब्यानं दात लावला? अक्काला? सहा वर्षांत ज्यानं मांजरावर आवाज चढवला नाही, त्यानं? त्यांनी कुसुमावतींना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत सगळं सांगितलं.

"अहो, मग तिला नीट विचारा, आणि डॉक्टरकडं न्या! वेळ का घालवताय?"

"विचारलं तर ती रविवारपर्यंत तरी थांबेल काय? आत्ताच्या आत्ता ठोंब्याला हाकलेल! आणि कुसुम, अक्काला काही झालं तर? मी काय करू?" कागद समोरच होता. त्यावर त्यांनी नववा प्रश्न लिहिला : 'घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या (वर्षाक्का, वय ७१) बोटास श्वानाचा दात लागला असल्यास काय करावे?' आणि पुढचे दोन घाईनं उरकून, तस्साच कागद घेऊन ते दवाखान्यात गेले.

जनावरांचा हा दवाखाना नवा होता. डॉक्टर दीपश्री आत एका म्हशीचा फोन घेत होत्या, म्हणजे म्हशीच्या मालकाचा. बाहेर टेबलाशी कंपाउंडर बाबू बसला होता. पन्नाशीचा, डोक्यावर चारच केस, आणि सरांना बघताच ताडकन उभा! सरांनी त्याला लगेच ओळखलं. नववीत कन्नडमध्ये नापास. प्रत्यय कच्चे!

"इतकं मोठं पत्र, सर?" बाबूनं कागद उलटसुलट केला. "डॉक्टरना दाखवतो की. उत्तर मेसेज करतो."

"कन्नडातच कर. आणि शुद्ध लिही!"

"होय सर," बाबू म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

गुरुवारी संध्याकाळी मेसेज आला. अकरा प्रश्नांना मिळून एकच ओळ! 'वर्षक्क ओम्मे इंजेक्शन माडस्बेकु. नाळे करकोंड बर्री.'

सर चष्मा सावरून तीनदा वाचत बसले. मग खुर्चीतच खाली घसरले.

"काय म्हणतात?" कुसुमावतींनी विचारलं.

"'ओम्मे' म्हणजे एकदा. 'इंजेक्शन माडस्बेकु', इंजेक्शन द्यायला पाहिजे. 'नाळे करकोंड बर्री', उद्या घेऊन या. आणि कुणाला? ही बघ की, पहिलाच शब्द : 'वर्षक्क'! आपली अक्का!"

"अक्कांना? जनावरांच्या दवाखान्यात?"

"नवव्या प्रश्नाचं उत्तर आहे हे! बाकीचे दहा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले, म्हणजे बघ किती गंभीर आहे ते!"

"पण 'वर्षाक्काला' असं कुठं लिहिलंय?"

सर ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "तिथंच तर गंमत! 'वर्षक्कनिगे' पाहिजे होतं. चतुर्थीचा प्रत्यय खाल्लाय त्यानं! नववीतही खायचा, पन्नाशीतही खातोय! बाबूच तो!"

"एकदा फोन करून विचारा की हो..."

"कुसुम! एकतीस वर्षं!"

ह्या दोन शब्दांपुढं घरात कुणाचं काही चालत नसे.

शुक्रवारी सकाळी सरांनी बेत रचला. अक्काला खरं सांगायचं नाही. ठोंब्याच्या लशीचं निमित्त करायचं, अक्काला बरोबर घ्यायचं, आणि तिथं डॉक्टरांकरवी हळूच काम उरकायचं.

"अक्का, ठोंब्याला टोचायला न्यायचंय. मला एकट्याला धरवत नाही. येतेस काय?"

त्यांना वाटलं होतं, अक्का तासभर बोलेल. पण ती म्हणाली, "चल की!" आत गेली, एक पिशवी घेऊन आली, आणि पायात चपला घालून रिक्षात जाऊनही बसली. सरांना ते जरा विचित्र वाटलं. पण भीतीनं ते इतके गारठले होते की त्यांनी पुढं विचारच केला नाही.

दवाखान्यात एक शेळी होती, एक पोपट होता आणि स्वेटर घातलेलं एक पांढरं कुत्रं होतं. अक्का ठोंब्याला घेऊन समोरच्या बाकड्यावर बसली. सर बाबूच्या टेबलापाशी जाऊन वाकले.

बाबूनं रजिस्टर उघडलं. "नाव सांगा, सर."

"वर्षाक्का," सर कुजबुजले.

बाबूनं मान तिरकी करून ठोंब्याकडं बघितलं. "वर्षाक्का? नाव?"

"हळू बोल! इंजेक्शनचं तिला कळता कामा नये!"

"बरोबर आहे, सर. त्यांना सगळं कळतं. आमच्याकडं एक येतं, सुईचा डबा उघडला की कपाटामागं जातंय." बाबूनं नाव लिहिलं. "वय?"

"एकाहत्तर."

बाबूनं बोटं मोजली. "एकाहत्तर महिने. म्हणजे सहाला महिना कमी. दिसतंय की तेवढं," असं पुटपुटत त्यानं लिहिलं. सरांचं लक्ष अक्काकडं होतं, त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"जात?"

सर ताठ झाले. "बाबू! दवाखान्यात जात विचारतोस? हे शिकवलं काय मी तुला?"

"रकाना आहे, सर."

"मग 'भारतीय' लिही!"

बाबूनं 'देशी' लिहिलं. "वजन?"

"विचारलं तर जीव घेईल माझा."

"बरं, आत काट्यावर घालतो." बाबूनं पान उलटलं. "अनोळखी माणसाच्या अंगावर येतंय काय?"

"'येतंय' काय रे?" सरांच्यातला मास्तर जागा झाला. "नपुंसकलिंग कशाला? 'येते' म्हण! लिंगसुद्धा कच्चंच अजून! स्त्रीलिंग आहे ते!"

बाबूनं मान वाकडी करून बाकड्याखालच्या ठोंब्याकडं पुन्हा एकदा बघितलं. ठोंब्या पाय वर करून उताणा पडला होता, शंकेला जागाच नव्हती! पण सरांशी व्याकरणावरनं वाद घालून बाबूचं एक वर्ष वाया गेलं होतं. त्यानं निमूट 'स्त्री' लिहिलं.

"अंगावर येते काय, सर?"

"अनोळखी लोकांच्या नव्हे. ओळखीच्यांच्याच!"

"मग तोंड बांधून घेऊ काय? पट्टा आहे आमच्याकडं."

सरांनी खोल उसासा टाकला. "बांधता आलं असतं तर आमच्या वडिलांनीच बांधलं नसतं काय रे!"

बाबूनं 'तोंड बांधणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, कार्ड तयार केलं, त्यावर शिक्का हाणला आणि मोठ्यानं हाक दिली.

"वर्षाक्का! आत या!"

अक्का उठली. "काय रे?"

"तुम्ही बसा, अज्जी," बाबू चामड्याचा पट्टा घेऊन पुढं येत म्हणाला. "वर्षाक्काला तेवढं आत घेतो. जरा धराल काय? चावते म्हणतात सर."

"कोण चावते?"

"वर्षाक्का."

"मी वर्षाक्का!"

बाबूनं अक्काकडं बघितलं, हातातल्या कार्डाकडं बघितलं, मग पट्ट्याकडं बघितलं, आणि पट्टा पाठीमागं लपवला. गडबड ऐकून डॉक्टर दीपश्री बाहेर आल्या. अक्कानं बाबूच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.

"वर्षाक्का. स्त्री. देशी. ओळखीच्यांवर धावून जाते. तोंड बांधणे!" तिनं कार्ड खाली केलं. "प्रभ्या!"

पन्नास वर्षांपूर्वी ही हाक आली की सर माळ्यावर जाऊन लपत. इथं माळा नव्हता. मग त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. बोटाची पट्टी, ठोंब्याचा दात, नववा प्रश्न, बाबूचा मेसेज, त्यात त्यानं खाल्लेला प्रत्यय, सगळं!

"अक्का, रागावू नकोस! मला रात्रभर झोप नाही. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? आणि खरं सांगू? ठोंब्याला नेऊ नकोस गं! मला जमायचं नाही त्याच्याशिवाय!"

बोलून झाल्यावर सरांना स्वतःचंच नवल वाटलं. जे पंधरा दिवस घशात अडकलं होतं ते एका शेळीसमोर बाहेर पडलं होतं.

"दात?" अक्का म्हणाली. "कुणाचा दात? तव्याला लागलं माझं बोट!"

"पण तूच म्हणालीस, विचार तुझ्या ठोंब्याला..."

"मग? त्याच्यासाठीच थालीपीठ लावत होते मी! तुम्ही उठायच्या आधी. रोज एक लागतंय त्याला!" आणि अक्कानं पिशवीतनं कागदात बांधलेलं थालीपीठ काढलं. ठोंब्या लगेच उठून बसला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून हालचाल केली होती.

डॉक्टर दीपश्रींनी सरांच्या फोनवरचा मेसेज वाचला. दोन क्षण त्यांनी ओठ दाबून धरले, पण तिसऱ्याला त्यांना हसू फुटलंच.

"सर, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे हो! लस किती कालावधीने द्यावी? 'वर्षक्क ओम्मे'. वर्षाला एकदा! मीच बाबूला म्हटलं, एवढं कळव, बाकी ते आले की बोलू. दुसरं पान मी बघितलंच नाही, चूक माझी. पण खरंच दात लागला असता, तर पत्र लिहीत बसायचं नव्हतं, सर. जखम साबणानं धुऊन तडक माणसांच्या डॉक्टरकडं पळायचं होतं!"

"वर्षक्क," सर पुटपुटले. "वर्ष... क्क..."

"तीन वर्षांवाल्याही लशी असतात," डॉक्टर सांगत होत्या, "पण आमच्याकडच्या ह्या रेबीजच्या बाटलीवर वर्ष लिहिलंय. शिवाय जुनी तारीख ह्यानं खाल्लीय. म्हणून आज टोचू, आणि पुढं दर वर्षाला."

सरांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते बाबूकडं वळले. "'वर्षक्के' लिहायला पाहिजे होतंस! एकार, बाबू, एकार! एका एकारासाठी..."

"सर," बाबू हळूच म्हणाला, "धारवाडात सगळे 'वर्षक्क'च म्हणतात की. नववीच्या पेपरात हेच लिहिलं होतं. तुम्ही नापास केलंत."

अक्का चौथी शिकलेली. पण ती ह्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, आणि तिच्या ध्यानात सगळं आलं.

"म्हणजे प्रत्यय त्यानं खाल्ला नव्हता?"

"नाही," सर म्हणाले.

"होता तिथंच?"

"होता."

"आणि त्या प्रत्ययाला तू रिक्षात घालून इंजेक्शन द्यायला आणलंस!"

पोपटाचा मालक हसला, शेळीची मालकीण हसली, आणि मग अक्काही पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाबूला तिला पाणी आणून द्यावं लागलं. हसण्याच्या ह्या गोंधळात डॉक्टरांनी ठोंब्याला कधी टोचलं हे कुणालाच कळलं नाही. ठोंब्यालाही नाही. तो थालीपीठ खात होता.

हसू ओसरल्यावर अक्का ठोंब्याच्या कानामागं खाजवत बसली. पट्टीचं बोट तेवढं तिनं वर धरलं होतं.

"शेतावर नव्हते ठेवणार रे त्याला," ती एकदम म्हणाली. "घरात ठेवणार होते. संध्याकाळी दार लावलं की बोलायला कुणी नसतं मला. हे निदान ऐकून तरी घेतंय."

आपण पंधरा दिवस फक्त आपल्याच पायावरचं डोकं मोजत होतो, अक्काच्या घरातली संध्याकाळ आपल्या डोक्यातही आली नाही, ह्याची सरांना फार लाज वाटली. ते अक्काशेजारी बाकड्यावर बसले.

"ने त्याला, अक्का," ते म्हणाले. म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, पण म्हणाले.

अक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग ठोंब्याकडं. मग तिनं आवाज चढवला.

"काही नको! दर वर्षाला सुई टोचायची म्हणतात ह्या. कलघटगीत कोण बघत बसणार तारखा?"

"कलघटगीतही दवाखाना आहे की, अज्जी..." डॉक्टर म्हणू लागल्या.

अक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की डॉक्टर दीपश्रींना एकदम आतलं काहीतरी काम आठवलं.

"राहू दे त्याला इथंच," अक्का म्हणाली.

"मग तू ये," सर म्हणाले. "तीन वर्षांनी नव्हे. दर वर्षाला. ठोंब्याच्या लशीला."

"येईन की! पंधरा दिवसांत काय होतंय म्हणा. महिनाभर येईन!"

निघताना बाबू नवं कार्ड लिहायला लागला, तर अक्कानं त्याला थांबवलं. "राहू दे हेच. शिक्का बसलाय." मग बाबूनं त्याच कार्डावर पुढच्या वर्षाची तारीख घातली, आणि सरांसमोर हात बांधून उभा राहिला. "सर, आता पास करता काय?"

"काठावर," सर म्हणाले.

घरी आल्या आल्या अक्का हात धुवायला मागं गेली. ठोंब्या सोफ्यावर चढला. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कुसुमावती सकाळपासून साखर शोधत होत्या, आणि आतापर्यंत त्यांना पोहे, साबुदाणा आणि खडेमीठ सापडलं होतं.

"ठरलं, कुसुम!" सरांनी जाहीर केलं. "पूर्ण अभ्यास करून ठरलं! ठोंब्या कुठं जात नाही. लस वर्षाला एकदा. आणि त्याच्या लशीला अक्काही वर्षाला एकदा. महिनाभर!"

कुसुमावतींनी हातातलं मिठाचं झाकण लावलं. कार्ड घेतलं, 'वर्षाक्का, स्त्री, देशी' वाचलं, आणि त्यांना हसू आलं. मग त्यांनी मागच्या दाराकडं एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं,

"अहो, ती श्रीवत्स वकिलांच्या सुनेची तीन वर्षांवाली लस इकडं कुठं मिळत नाही काय हो?"